रात्री भिजवलेले ओट्स: कोण पाणी पितं, कोण सोडतं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की ओट्स शिजवलेच पाहिजेत असं नाही. रात्री दुधात भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी आयते तयार मिळतात. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर मी त्यांनाच दिलंय. चवीबद्दल फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकांची अडचण एकच आहे: मिळून येत नाहीत. कुणाचे पाणचट, कुणाचे घट्ट गोळा, कुणाचे बुळबुळीत. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षं सकाळचा नाश्ता सांभाळला. रोज रात्री साठ बरण्या भरायच्या आणि सकाळी साठही सारख्या निघायला हव्यात. तिथे जे हाताला कळलं, तेच इथे सांगते.

ताई, ओट्सच्या पुड्यावर लिहिलंय तसं मी एक वाटी ओट्सला दोन वाट्या दूध घेतलं. सकाळी ओट्स तळाला बसलेले आणि वर नुसतं दूध. तीन दिवस हेच झालं. माझं काय चुकतंय?

पुड्यावरचं प्रमाण गॅसवर शिजवण्यासाठी दिलेलं असतं, ते इथे चालणार नाही. ओट्स तापवले की थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं. शिवाय साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास त्यांच्यातला स्टार्च फुगायला लागतो, पाणी धरून ठेवतो आणि सगळं दाटसर होतं. फ्रिजमध्ये ४ अंशांवर यातलं काहीच घडत नाही. तिथे ओट्स फक्त पितात, आणि पोट भरलं की थांबतात. उरलेलं दूध वर राहणारच.

आता प्रमाण. वाटी बाजूला ठेवा आणि वजनकाटा घ्या. वाटीने मोजण्यात काय गडबड होते ते मी एकदा प्रत्यक्ष करून पाहिलं होतं. एकच वाटी, एकदा पुड्यातून अलगद भरली, एकदा ओट्यावर दोनदा आपटून भरली. वजनात सात ग्रॅमचा फरक आला. चाळीस ग्रॅमच्या मापात सात ग्रॅम म्हणजे पुष्कळ झाले. त्यातून जाड पाकळीचे ओट्स वाटीत पोकळ बसतात आणि बारीक पाकळीचे दाटीने बसतात, म्हणजे पुडा बदलला की वाटीही बदलली.

मग मी पाच बरण्या घेतल्या. प्रत्येकीत ४० ग्रॅम जाड रोल्ड (म्हणजे लाटून चपटे केलेले) ओट्स, आणि दूध ८०, १००, १२०, १४०, १६० मिली. झाकणांवर आकडे लिहिले. सकाळी प्रत्येक बरणीत चमचा घातला. ८०च्या बरणीत चमचा उभा राहिला, पण घास तोंडात कोरडा फिरला. १००च्या बरणीतला घास चमच्यावर ढीग धरून राहिला. १२०ची अगदी पळीवाढी: चमचा तिरका केला की आधी थांबते, मग सावकाश घसरते. १४० सरसरीत. १६०च्या बरणीत कडेने दुधाची पांढरी रेघ दिसत होती. तुमच्या बरणीची ही पहिली पायरी समजा. मला १२० आवडतं, वसतिगृहातल्या निम्म्या मुलींना १०० आवडायचं. तुम्ही १२० पासून सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या जिभेला विचारून वीस मिली इकडे किंवा तिकडे सरका. एकदा आकडा सापडला की तो पुड्यावर पेनाने लिहून ठेवा.

हा आकडा फक्त ओट्स आणि दुधाचा आहे. बरणीत तिसरी वस्तू पडली की ती पाणी पिणारी आहे की सोडणारी, एवढं बघायचं. चिया पितो, जवसाची पूड पिते, कोको पिते, बेदाणेसुद्धा रात्रभर पीत बसतात. फळं सोडतात, साखर आणि मध सोडायला लावतात. दही मधलं आहे. त्यात पाणी असतं पण ते स्वतः दाट असतं. दही घालायचं तर ४० ग्रॅम ओट्सला ८० मिली दूध आणि ६० ग्रॅम दही घ्या. दही कपड्यात बांधून पाणी काढलेलं असेल, म्हणजे चक्का असेल, तर दूध १०० मिलीपर्यंत वाढवा.

माझे ओट्स बुळबुळीत होतात. तो स्पर्श सहन होत नाही म्हणून मी सकाळी चाळणीत धुऊन घेते आणि मग दूध घालते. चालेल ना?

धुऊ नका, कळकळीने सांगते. जे तुम्ही नळाखाली सोडून देताय त्यासाठीच तर लोक ओट्स खातात. तो बुळबुळीतपणा म्हणजे बीटा-ग्लुकन, पाण्यात विरघळणारा तंतू. ओट्समध्ये तो साधारण ४ टक्के असतो, म्हणजे ४० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमच्या आसपास. रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सच्या पुड्यांवर हृदयरोगाबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच तंतूच्या आधारावर.

पण तोंडाला नको वाटतं हेही खरं आहे, आणि न आवडणारं रोज कुणी खात नाही. तेव्हा तंतू आत ठेवून स्पर्श बदलू या.

आधी पुडा बघा. बहुतेक तो क्विक किंवा इन्स्टंट ओट्सचा निघेल. त्यांची पाकळी पातळ लाटलेली, बरेचदा आधी तुकडे करून लाटलेली असते. जितक्या कडा उघड्या तितका बीटा-ग्लुकन भराभर बाहेर येतो, आणि पाकळीचा लगदा होतो. जाड रोल्ड ओट्स आणा, निम्मी तक्रार तिथेच संपेल.

दुसरं, ढवळणं. रात्री नीट ढवळायचं, पण सकाळी नाही. फुगलेली पाकळी मऊ असते. तिला चमच्याने घोटलं की ती फाटते आणि सगळं चिकट होतं. सकाळी तळातून वर असा एकदाच अलगद हात फिरवा.

तिसरा उपाय माझा आवडता आहे. कोरडे ओट्स जाड बुडाच्या पॅनमध्ये मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. रंग बदलण्याची वाट पाहू नका, सुक्या मेव्यासारखा खमंग वास सुटला की उतरवा. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मग भिजवा. परतलेली पाकळी आकार धरून राहते, दाताखाली येते.

आणि तुम्हाला बारा तास भिजवायची सक्ती नाही. जाड ओट्स पाच-सहा तासांत खाण्याजोगे होतात. झोपायच्या अगदी आधी भिजवा, उठल्याबरोबर खा.

चिया घातला की तळाशी गोळा होतो आणि वर पातळ राहतं. चिया घालूच नये का?

घाला, फक्त त्याला दहा मिनिटं द्या. चियाचा दाणा ओला झाला की काही मिनिटांतच त्याच्याभोवती पारदर्शक चिकट थर येतो. एखादा दाणा बोटावर घेऊन बघा, मध्ये काळा ठिपका आणि भोवती काचेसारखं कडं दिसेल. असे दाणे एकमेकांना टेकलेले असतील तर कडी एकमेकांत मिसळतात आणि आतल्या दाण्यांपर्यंत दूध पोचतच नाही. तुमचा गोळा फोडलात तर मध्ये कोरडा चिया सापडेल.

म्हणून क्रम असा: बरणीत आधी दूध, त्यात चिया, लगेच ढवळा. मग ओट्स घाला, पुन्हा ढवळा. आता झाकण लावून निघून जाऊ नका. दहा मिनिटं दुसरं काम करा, परत या आणि तळ खरवडून एकदा ढवळा. या दुसऱ्या वेळी दाणे थोडे फुगलेले असतात, म्हणून जिथे ठेवाल तिथे राहतात, पुन्हा खाली बसत नाहीत. वसतिगृहात मी पहिली बरणी ढवळून साठाव्या बरणीपर्यंत पोचायचे तोवर पहिलीची दहा मिनिटं होऊन गेलेली असायची, मग उलट फिरून पुन्हा पहिलीपासून सुरू करायचे. घरी दोन बरण्यांना तो आयता वेळ मिळत नाही, मुद्दाम थांबावं लागतं.

प्रमाणही सांभाळा. चिया स्वतःच्या वजनाच्या दहा पटीपर्यंत पाणी धरतो. एक छोटा चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम, तो ४० मिली दूध आरामात खाऊन टाकतो. पत्रांतले 'दगड झाले' म्हणणारे जवळपास सगळे जण मोठा चमचा भरून चिया घालतात आणि दूध मात्र तेवढंच ठेवतात. एका बरणीला एक छोटा चमचा चिया आणि त्यासाठी ३० ते ४० मिली दूध जास्त, एवढं धरून चाला.

आणखी एक, बरणी रुंद तोंडाची घ्या आणि दोन बोटं रिकामी ठेवा. अरुंद उंच बरणीत चमचा तळाच्या कडेपर्यंत पोचत नाही. तिथे कोरडे ओट्स तसेच राहतात, आणि आपण दोष चियाला देतो.

किवी आणि दही घालून रात्री ठेवलं. सकाळी पाणी सुटलेलं आणि चव कडू. दही खराब होतं का?

दही चांगलं होतं. ताज्या किवीत प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, अ‍ॅक्टिनिडिन नावाचं. ताज्या अननसात ब्रोमेलिन, पपईत पपेन. ही सगळी रात्रभर दह्या-दुधातली प्रथिनं तोडत बसतात. प्रथिनांची जाळी तुटली की तिने धरलेलं पाणी सुटतं, आणि तुटलेल्या तुकड्यांची चव कडवट लागते. ही तीन फळं खाताना वरून घाला. डबाबंद अननस तापवलेला असतो, त्यात हे एन्झाइम उरत नाही, तो रात्री घातला तरी चालतो.

गोठवलेल्या बेरींचंही इथेच सांगून टाकते, कारण तीन पत्रं त्यांचीच आहेत. गोठताना बर्फाच्या कणांनी फळाच्या पेशी फाटतात, म्हणून वितळलं की पाणी सुटतं. मूठभर बेरी असतील तर दूध दोन मोठे चमचे कमी घ्या आणि बेरी ओट्सच्या खाली नाही, वर ठेवा. रस खाली झिरपतो, ओट्स तो पितात, रंगही सुरेख येतो. केळं काळं पडतं, ते सकाळीच कापा.

सफरचंद मात्र रात्री किसून घातलं तरी बिघडत नाही. या पद्धतीचा उगमच खरं तर सफरचंदात आहे. झुरिचमधले डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना जे द्यायचे त्यात मुख्य वस्तू किसलेलं सफरचंद होती. ओट्स जेमतेम एक मोठा चमचा, तेही तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले. वर लिंबाचा रस, आटवलेलं गोड दूध आणि किसलेले बदाम किंवा हेझलनट. मी ते त्या मापाने करून पाहिलंय. आपण करतो त्यापेक्षा खूप हलकं लागतं, फळात ओट्स घातल्यासारखं. ज्यांना ओट्स जड पडतात त्यांनी जरूर करून बघावं. लिंबामुळे सफरचंदही फारसं काळं पडत नाही.

स्टील-कट ओट्स रात्रभर भिजवले, तरी सकाळी खडे चावल्यासारखे लागले.

लागणारच. रोल्ड ओट्स वाफवून लाटलेले असतात. स्टील-कट म्हणजे दाण्याचे नुसते दोन-चार तुकडे, गार दूध आतपर्यंत पोचत नाही. रात्री त्यांना पाण्यात एक उकळी द्या, गॅस बंद करून झाकून ठेवा. कोमट झाले की दूध मिसळून फ्रिजमध्ये. तरीही ते चघळावे लागतील; तो त्यांचा गुणच आहे.

काकू, मी बारावीत आहे, व्यायाम करतो. ओट्समध्ये प्रोटीन पावडर घालतो. कधी गुठळ्या होतात, कधी अगदी पातळ. मित्राचं मात्र सिमेंट होतं. दोघांचं माप एकच आहे.

माप एकच असेल, पावडर वेगळी आहे. डब्यावर वाचून बघ. तुझी बहुतेक व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनाची असेल. ती दुधात विरघळते पण फारसा दाटपणा देत नाही. मित्राची केसीन (दुधातलंच दुसरं प्रथिन) किंवा वनस्पतीजन्य असणार, त्या दोन्ही पाणी ओढतात. तू दूध आहे तेवढंच ठेव, मित्राला ४० ते ५० मिली वाढवायला सांग. गुठळ्यांसाठी पावडर कधीही ओट्सवर टाकायची नाही. झाकणाच्या डब्यात आधी दूध आणि पावडर घालून जोरात हलव, एकजीव झालं की ओट्सवर ओत. कोको घालत असशील तर तोही आधी दोन चमचे कोमट दुधात कालवून घे, गार दुधावर तो तरंगत राहतो.

मी रात्रपाळीला असते. रविवारी आठवड्याच्या सगळ्या बरण्या एकदम भरल्या तर?

सगळ्या नको, तीन भरा. बरणी ४ अंश किंवा त्याखाली राहिली तर चार दिवससुद्धा टिकते, पण पोत टिकत नाही. पहिल्या दिवशी पाकळी दाताखाली येते, दुसऱ्या दिवशी मऊ होते, तिसऱ्या दिवशी सगळं एकमेकांत मिसळू लागतं. तिसऱ्या दिवसाच्या बरणीत खाताना एक-दोन चमचे दूध घालावं लागेल हे धरून चला. नाहीतर मी करते तसं करा: कोरडा माल (ओट्स, चिया, चिमूटभर मीठ) आठवड्याचा मोजून बरण्यांत भरून ठेवायचा आणि खायच्या आदल्या वेळी फक्त दूध ओतायचं. सुका मेवा त्यात घालू नका, तो खाताना वरून घ्या, तरच कुरकुरीत राहील.

कामावर नेताना एक जपा. दुधाची बरणी फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, उकाडा ३२ अंशांपुढे असेल तर एकच तास. बर्फाच्या पिशवीसोबत न्या, पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये ठेवा. वास बरा आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. जे जंतू पोट बिघडवतात त्यांचा वास येतोच असं नाही.

मला सिलिअ‍ॅक आहे. ओट्स चालतात का?

या आजारात गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन सोसत नाही. ओट्समध्ये गहू नसतो, पण शेतात, गिरणीत आणि वाहतुकीत तो मिसळतो. ग्लूटेनमुक्त असं प्रमाणित केलेले ओट्सच घ्या, आणि तेही आपल्या डॉक्टरांना विचारून. या आजारात काहींना ओट्समधलं अ‍ॅव्हेनिन हे प्रथिनसुद्धा सोसत नाही.

ताई, माझ्या वडिलांचे सगळे दात काढलेत, कवळी यायला वेळ आहे. त्यांना सकाळी उठल्यावर थांबणं जमत नाही, लगेच काही तरी हवं असतं. मी ओट्स भिजवून दिले तर म्हणाले, साल जिभेला टोचतं. उरलेले त्यांनी हळूच बाजूला सारून ठेवले.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या सासऱ्यांचे शेवटचे दोन महिने मी हेच करत होते, त्यामुळे तो बाजूला सारलेला वाडगा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

वर मी दुसऱ्यांना जे जे टाळायला सांगितलं ते तुम्ही करा. क्विक ओट्स घ्या. ४० ग्रॅम ओट्स कोरडेच मिक्सरमधून दोन-तीनदा फिरवा. पीठ करायचं नाही, रवाळ ठेवा. पीठ केलंत तर खळीसारखं टाळूला चिकटेल. दूध १६० मिली, पूर्ण बारा तास. चिया नको, त्याचे दाणे हिरड्यांत अडकतात. बेदाणे नकोत, बदामाचे काप नकोत. गोडीला पिकलेलं केळं सकाळी काट्याने अगदी बारीक कुस्करून घाला, किंवा सफरचंद साल काढून वाफवून.

सकाळी सगळं छोट्या पातेल्यात घ्या आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत ते दाट व्हायला लागेल. इथे मघाचा तो स्टार्च कामाला लागतो आणि जिभेला लागणारी साल मऊ पडते. दाट झालं की दूध घालून हव्या त्या पातळपणावर आणा. चमचा उलटा करून बघा. पाठीवर पातळ थर राहिला आणि त्यावर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली, की उतरवा. कोमट होऊ द्या. उघड्या हिरड्यांना गरम सोसत नाही आणि गारही नाही.

खाताना त्यांना ठसका लागत असेल, किंवा घास गिळल्यावर आवाज ओलसर येत असेल, तर घरच्या घरी पातळ-घट्ट ठरवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. गिळायचा त्रास असला की किती दाट द्यायचं हे त्यांनीच सांगायला हवं.

आणि वाडगा लहान घ्या. माझे सासरे मोठा वाडगा समोर आला की निम्मा ठेवायचे. छोट्या वाटीतून दिलं की संपवून पुन्हा मागायचे.